पुतण्या फुकट शिकवतोय, मग पैसे कशाला?

प्रश्न : माझं वय ४४. गोव्यात डिचोली तालुक्यात राहते, सरकारी खात्यात कारकून आहे. जूनमध्ये माझी बदली म्हापशाला झाली. दोन बसेस बदलून जावं लागतं, संध्याकाळी घरी पोचायला पावणेआठ होतात. यजमान जहाजावर असतात, वर्षातले सहा-सात महिने घरी नसतात आणि त्यांची गाडी अंगणात प्लास्टिक घालून झाकलेली असते. स्कूटर मी बरीच वर्षं चालवते, पण एवढ्या लांब आणि पावसात नको वाटतं. गाडी शिकायचं मनात आहे. पुतण्या म्हणतो, "काकी, आठ दिवसांत शिकवतो." दीर म्हणतात, ड्रायव्हिंग स्कूलवाले नुसते पैसे काढतात. गेल्या वर्षी यजमानांनी शिकवायला घेतलं होतं, त्याचा शेवट आम्ही दोन दिवस एकमेकांशी न बोलण्यात झाला. गावाजवळ एक शिकवणारे आहेत, पन्नाशीचे, त्यांच्याबद्दल लोक बरं बोलतात. पण एकट्या बाईने परक्या पुरुषाबरोबर रोज गाडीतून फिरायचं म्हणून सासूबाई नाराज आहेत. या वयात मला जमेल का? कोणाकडे शिकू? आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर, पाऊस ओसरला की मगच सुरुवात करावी ना?

उत्तर :

ताई, उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. त्या पन्नाशीच्या मास्तरांकडे जा, पैसे द्या, आणि चवथीची वाट बघू नका. पुतण्याला मात्र 'नको' म्हणू नका. त्याची पाळी नंतर येणार आहे, आणि तेव्हा त्याच्याशिवाय तुमचं अडेल.

घरात फुकट शिकवणारा असताना पैसे का मोजायचे, हा दिरांचा प्रश्न रास्त आहे. ते पैसे कशाचे, एवढंच त्यांनी पाहिलेलं नाही. पुतण्या त्या मास्तरांपेक्षा गाडी चांगलीसुद्धा चालवत असेल. पैसे असतात ते मास्तरांच्या पायांचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. ही त्यांची हौस नव्हे, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे शाळेच्या मोटारीला अशी दुहेरी सोय असावीच लागते. तुम्ही घाबरून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबलात तर गाडी थांबवणारा एक पाय शेजारी तयार असतो. पुतण्याच्या बाजूला काय आहे? फार तर मधला हँडब्रेक, आणि "काकी, काकी, काकी!"

गेल्या वर्षीचं भांडणही इथूनच आलं असणार. यजमानांचा स्वभाव मला माहीत नाही, पण शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात थांबवण्याचं काहीच साधन नसेल तर तो ओरडतो. त्याच्याकडे दुसरं काही उरतच नाही. "बघ, बघ, समोर बघ!" या वाक्यात शिकाऊ माणसाला उपयोगी पडेल असा एकही शब्द नाही. काय बघू, ते बघून कुठला पाय उचलू, हे त्यात नसतं. रोज शिकवणारा माणूस "दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबा, आता सवकास सोडा" असं बोलतो, कारण घाबरलेल्या माणसाला किती शब्द ऐकू येतात याचा त्याला अंदाज असतो. चांगल्या ड्रायव्हरला नेमकं हेच जमत नाही. त्याला विचारलं की क्लच कुठे सोडायचा, तर तो म्हणतो, "ते आपोआप कळतं." त्याला कळतंच, पण कसं ते तो केव्हाच विसरलेला असतो.

आता दुसरी बाजू, कारण दीर म्हणतात तेही अगदी खोटं नाही. ज्या पायांचे पैसे आपण देतो, तेच पाय शिकणाऱ्याला फसवतात. कोर्स पूर्ण होतो, लायसन्स हातात येतं, आणि घरची गाडी बाहेर काढली की फाटकातच तीनदा बंद पडते. असं झालेल्या बायका आणि पुरुष प्रत्येक वाड्यावर सापडतील. त्यांना वाटतं आपण विसरलो. खरं तर त्यांनी तो क्लच कधी एकट्याने सोडलेलाच नसतो. मास्तर आपल्या बाजूने हळूच सांभाळत होते, गाडी छान सुटत होती, आणि शिकणाऱ्याला वाटत होतं आपल्याला जमलं. मास्तरांनाही हे सोयीचं पडतं. गाडी बंद पडत नाही, मागचे हॉर्न मारत नाहीत, अर्धा तास शांततेत जातो.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गाडीतून उतरताना त्यांना एक प्रश्न विचारायचा : "आज तुम्ही किती वेळा पाय लावलात, आणि कुठे?" चांगला मास्तर लगेच सांगतो : चढावर दोनदा क्लच, बस अचानक थांबली तिथे एकदा ब्रेक. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच चढावर जायचं. हा आकडा आठवड्यागणिक खाली यायला हवा. जो म्हणतो, "तुम्ही कशाला काळजी करता, मी आहे ना," त्याच्याकडून सावध राहा. तो नसताना गाडी चालवता यावी म्हणून तर आपण त्याच्याकडे जातोय.

जायच्या आधी काय विचारून घ्यायचं तेही सांगते. शाळेला परिवहन खात्याचा परवाना लागतो, तो नमुना ११ मध्ये असतो, आणि दाखवा म्हटल्यावर दाखवायला कोणी कांकू करू नये. दुसरं, तास. खासगी मोटारीसाठी नियमाने प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं असायला हवं. 'पंधरा दिवसांचं पॅकेज' म्हणून जे विकलं जातं, त्याला तिथेच विचारा की यात माझ्या हातात स्टिअरिंग किती तास. बऱ्याच ठिकाणी अर्ध्या तासाच्या फेरीत मागे आणखी दोघं बसलेली असतात. एकाला आणायचं, दुसऱ्याला सोडायचं, यात तुमचा अर्धा तास बारा मिनिटांचा होतो. मागे बसून दुसऱ्याच्या चुका बघण्यातही शिकण्यासारखं असतं, नाही असं नाही. पण ते तास तुमच्या नावावर मोजले जाऊ नयेत. प्रत्येक शिकाऊ माणसाने किती तास चालवलं याची नोंदवही शाळेला नमुना १५ मध्ये ठेवावी लागते. त्यात सही करायला सांगितलं तर एकगठ्ठा सगळ्या रकान्यांत सही करू नका. जेवढं चालवलं तेवढ्यावरच करा. सुरुवातीला थोडं अवघड वाटेल, पण तुम्ही सरकारी खात्यात कारकून, मस्टरवर एकगठ्ठा सह्या म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगणार!

"परीक्षेचं आम्ही बघून घेतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची वेगळी योजना आहे, तिथे चार आठवड्यांत २९ तासांचा कोर्स पूर्ण करून चाचणी उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ होते. गावातल्या साध्या शाळेला तो अधिकार नसतो. तुम्हाला चाचणी द्यायची आहे, आणि ती स्वतः द्या.

कागदाचं थोडक्यात. स्कूटरचं लायसन्स आहे म्हणून गाडीचं शिकाऊ लायसन्स लागत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. मोटारीसाठी वेगळं शिकाऊ लायसन्स घ्यावं लागतं आणि मग तो वर्ग तुमच्या आधीच्या लायसन्सात वाढवला जातो. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर होतो. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं नमुना १-अ मधलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्या निमित्ताने डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर बदललेला असूनही 'मला अंतराचा अंदाजच येत नाही' म्हणत स्वतःला दोष देणारे लोक असतात. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्यासाठी चाचणी देता येत नाही. त्या मुदतीत शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'ची पाटी हवी. पाटीची लाज बाळगू नका, तुमच्यासाठी ती फायद्याची आहे. मागचा हॉर्न मारायच्या आधी एकदा विचार करतो. प्रत्येक जण करतोच असं नाही, पण काही जण करतात.

आता तुमच्या स्कूटरबद्दल, कारण मला त्यात फार अर्थ दिसतो. इतकी वर्षं स्कूटर चालवलेली बाई आणि कधीच काही न चालवलेला विशीतला मुलगा यांत मी मास्तर असते तर तुम्हाला निवडलं असतं. समोरची बस थांब्यावर न थांबता मध्येच थांबणार, हे तुम्हाला तिच्या चालीवरून कळतं. गल्लीच्या तोंडाशी कुत्रं दिसलं की तुमचा हात आपसूक सैल होतो. रस्ता वाचणं शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि ते तुमच्याकडे आधीच आहे. 'या वयात जमेल का' याचं उत्तर यातच आलं. पायांना सवय व्हायला तुम्हाला विशीतल्या मुलापेक्षा चार दिवस जास्त लागतील, त्यात विशेष काही नाही.

पण स्कूटरच्या दोन खोडी मोडाव्या लागतील. एक म्हणजे फट दिसली की शिरणं. गाडीला डावी बाजू असते आणि ती आपल्यापासून लांब असते. आपल्याकडच्या वाड्यावरचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत : एका बाजूला चिऱ्यांचं कुंपण, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, आणि मधे जेमतेम एक गाडी. मास्तरांना सांगा की मला डाव्या चाकाचा सराव द्या. मोकळ्या रस्त्यावर कडेच्या पांढऱ्या पट्टीवर डावी चाकं ठेवून थोडं अंतर जायचं, थांबायचं, मास्तरांच्या बाजूने वाकून बघायचं की चाक खरंच पट्टीवर आहे की हातभर आत. चार-पाच वेळा केलं की बॉनेटचा कुठला भाग पट्टीशी जुळतो हे डोळ्यात बसतं. दुसरी खोडी म्हणजे मागे जाण्याची सवयच नसणं. स्कूटर आपण उतरून वळवतो. गाडीत अरुंद वळणावर समोरून कदंबची सरकारी बस आली तर कोणीतरी रिव्हर्स घ्यायचा असतो, आणि बहुधा तो तुम्हीच. २०१७ च्या वाहनचालन विनियमांप्रमाणे अरुंद चढ-उतारावर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, उतरणाऱ्याने थांबायचं. हे लक्षात ठेवा, मात्र बसच्या ड्रायव्हरशी त्यावर वाद घालू नका. दोन पूर्ण दिवस फक्त रिव्हर्सचे मागून घ्या, सरळ आणि वळणावर. शाळा हे टाळतात, कारण चाचणीपुरता रिव्हर्स वेगळा आणि वाड्यावरचा वेगळा.

मास्तर स्थानिक असण्याचा फायदा इथेच आहे. पणजीतल्या एखाद्या चकचकीत शाळेत तुम्ही रुंद रस्त्यावर सर्कल घ्यायला शिकाल, तेही लागतंच. सर्कलमध्ये आधीपासून असलेल्याला प्राधान्य, आपण बाहेर थांबायचं, हा नियम म्हापशात तुम्हाला रोज लागेल. पण तुमचा रोजचा रस्ता डिचोलीहून अस्नोडा, थिवी आणि म्हापसा. त्यावर कुठल्या वळणाच्या आड बसथांबा आहे, सकाळी शाळेपाशी रिक्षा कशा उभ्या असतात, खनिजाचे ट्रक सुरू असले की कडेची माती कशी घसरते, पावसात रात्री गुरं कोरड्या डांबरावर कुठे येऊन बसतात, हे त्या मास्तरांना तोंडपाठ असणार. त्यांना स्पष्ट सांगा की मला हा रस्ता यायला हवा. पहिले काही दिवस ते तुम्हाला मैदानात आणि गावातल्या गावात ठेवतील, ठेवू द्या. नंतरचे दिवस मात्र याच रस्त्यावर हवेत.

आणि सगळे दिवस सकाळी साडेसहाचे घेऊ नका. ऑफिसच्या आधीची वेळ सोयीची असते, रस्ता मोकळा असतो, मास्तरही खूश. पण तुम्हाला घरी यायचंय संध्याकाळी, तिन्हीसांजेला, समोरून दिवे डोळ्यांवर येत असताना. कोर्समधले चार-पाच दिवस त्या वेळेचे असू द्या, रविवारचे असले तरी चालतील. जमलं तर एक दिवस मये, चोडण करून रायबंदरच्या फेरीबोटीवर गाडी चढवून या. फेरीचा उतार ओला असतो, मागे रांग असते, पुढे खलाशी हात हलवत असतो. तिथे हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी शांतपणे धरता आली की फाटकापुढचा चढ काहीच वाटणार नाही. हे दुसऱ्या आठवड्यात नको, शेवटच्या दिवसांत करा, मास्तर शेजारी असताना.

चढाचा सराव कसा असावा, हे थोडं उलगडून सांगते, कारण गाडी सोडून दिलेल्यांपैकी पुष्कळ जण चढावरच सोडतात. आधी सपाट जागी अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता नुसता क्लच सवकास सोडत गाडी मुंगीच्या चालीने पुढे न्यायची, थांबवायची, पुन्हा न्यायची. पेट्रोलच्या आजकालच्या गाड्या इतक्या सोडण्याने सहज हलतात. क्लच नेमका कुठे पकडतो हे पायाला इथे कळतं. मग चढावर : हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, क्लच सोडत जायचं. इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीचं नाक किंचित वर आलं की तिथेच पाय रोखायचा, मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे जात नाही. हे मास्तरांच्या पायाशिवाय सलग काही वेळा जमेपर्यंत पुढच्या धड्याला जाऊ नका. सपाट, पट्टा असलेली पादत्राणं घाला. साध्या चपला पेडलखाली अडकतात. साडी नेसणार असाल तर निऱ्या थोड्या वर, ओढणी असेल तर गाठ मारलेली. सीट पुढे घ्यायला संकोच करू नका. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि उंची कमी पडत असेल तर खाली उशी घ्या.

पावसाचं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यातून गाडी चालवायची नसेल तर तुमची मूळ अडचण सुटतच नाही, कारण स्कूटर नको वाटते ती याच महिन्यांत. चवथीनंतर सुरू केलंत तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या छान कोरड्या रस्त्यावर शिकाल, लायसन्स मिळेल, आणि पहिला मोठा पाऊस पुढच्या जूनमध्ये एकटीने अंगावर घ्याल. त्यापेक्षा आत्ता, शेजारी ब्रेक असलेला माणूस बसलेला असताना घ्या. काच आतून धुरकटली की एसी लावून हवा काचेवर सोडायची, हे मास्तरांकडून करून घ्या, सांगून घेऊ नका. पाणी साचलेलं दिसलं की वेग आधीच कमी करायचा, पाण्यात शिरल्यावर नाही, कारण खालचा खड्डा दिसत नाही. गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी हलकी वाटली तर ब्रेक दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं. पुढच्या गाडीपासून एरवीच्या दुप्पट अंतर. आणि धो-धो पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाणारे दिसतील, त्यांचं बघून तसं करू नका. ते थांबलेल्या गाडीसाठी असतात, चालत्या गाडीने लावले तर ती कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही. हेडलाइट लावा, तेवढं पुरे.

दिवाळीनंतर पर्यटक वाढतील. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की ती भाड्याने घेतलेली गाडी. चालवणाऱ्याला रस्ता नवीन, डोळे मोबाइलच्या नकाशावर, आणि वळण दिसलं की तो जिथल्या तिथे ब्रेक लावतो. रागावण्यात अर्थ नाही, अंतर ठेवा. आणि पहिले काही महिने शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, म्हापशाच्या बाजारपेठेत गाडी घालू नका. ऑफिसपासून थोडं अलीकडे लावा आणि चालत जा.

सासूबाईंच्या नाराजीला मी हसणार नाही. परका माणूस, बंद गाडी, रोजची वेळ, हे त्यांना खटकलं तर त्यात आश्चर्य नाही. पण त्यावर उपाय सोपे आहेत. पहिले दोन-तीन दिवस त्यांनाच मागच्या सीटवर बसवून न्या. मास्तर कसे बोलतात ते त्यांना स्वतः ऐकू द्या. आपल्याकडे कोण कुणाचा हे निघायला पाच मिनिटं लागत नाहीत, सासूबाई त्यांच्या गावातला कोणीतरी सोयरा शोधून काढतीलच. जवळपास शिकवणारी बाई असेल तर तिचीही चौकशी करा. आणि तुमच्यासाठी : स्टिअरिंगला हात लावून गाडी सरळ करणं हे मास्तरांचं काम आहे. गिअरवरच्या तुमच्या हातावर हात ठेवणं हे नाही. गिअर तोंडाने सांगता येतो. पहिल्यांदा झालं तर लगेच, साध्या आवाजात, "हात नको, सांगा" म्हणायचं. चांगला माणूस माफी मागून विषय संपवतो. पुन्हा झालं तर त्या दिवसापासून तिथे जायचं नाही, उरलेले पैसे गेले तर गेले. ज्यांच्याबद्दल गावात बरं बोललं जातं त्यांच्याबाबतीत ही वेळ येईल असं मला वाटत नाही, पण हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

ऑटोमॅटिक घ्यावी का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विचारेलच. कायद्याच्या दृष्टीने मोटारीचं लायसन्स एकच, त्यात क्लच असलेली-नसलेली असा भेद नाही. दारात गिअरची गाडी उभी असताना तीच शिका. नवी गाडी हा वेगळा खर्च आणि वेगळा विषय.

आता पुतण्या. मास्तरांकडचे तास संपले की तुमच्याकडे रीत येईल, सराव येणार नाही. दहा तासांत कोणी ड्रायव्हर होत नाही. शेवटच्या दोन-तीन दिवशी मास्तरांना तुमच्या घरच्या गाडीत बसायला विचारा, काही जण त्यासाठी थोडे वेगळे पैसे घेतात, द्या. गाडी बदलली की क्लच बदलतो, आणि तुमच्या गाडीत त्यांच्या बाजूला पेडल नसल्याने त्यांचा पाय मुळातच बाजूला जातो. त्यानंतर रोज संध्याकाळी पुतण्याला शेजारी घ्या. त्याचं पक्कं लायसन्स खिशात असू दे, नुसतं चांगलं चालवणं पुरेसं नाही. कधी त्याच्याच हातात गाडी द्यायची वेळ आली तर, बिनलायसन्स माणसाच्या हातात ती दिल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून ५००० रुपये आहे आणि तो गाडी देणाऱ्याला लागतो. त्याच्याशी आधी करार करा : शिकवायचं नाही, समोरचं सांगायचं नाही, विचारलं तरच बोलायचं. मोबाइल बघत बसला तर उत्तम, फक्त हँडब्रेकजवळचा हात मोकळा ठेवायचा. तरुण माणसाला हे जड जाईल. पेट्रोल तुमचं आणि परत आल्यावर चहा-भजी तुमची, एवढ्यावर तो तयार होईल असा माझा अंदाज आहे. डिचोली ते म्हापसा हा रस्ता त्याच्या शेजारी बसण्याने तुम्हाला कंटाळवाणा वाटू लागला, आणि पक्कं लायसन्स हातात आलं, की एकटीने निघा. आधी रविवारी, मग ऑफिसच्या दिवशी.

गाडी बरेच महिने झाकून आहे म्हणता, तर पहिल्यांदा बाहेर काढायच्या आधी मेकॅनिकला घरी बोलवा. बॅटरी बहुतेक उतरलेली असेल, टायरमधली हवा गेलेली असेल, आणि प्लास्टिकखाली दमट राहिल्याने ब्रेक धरलेले असू शकतात. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघायला सांगा. पीयूसीची मुदत पाहा. आणि सगळ्यात आधी विम्याची. खासगी गाडीच्या पॉलिसीत ड्रायव्हरबद्दलचं कलम असतं, त्यात शिकाऊ लायसन्सवाल्याने चालवलेलंही धरतात, मात्र शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि 'एल'ची पाटी, हे नियम पाळलेले असले तरच. पण मुळात पॉलिसी चालू हवी. यजमान जहाजावर असताना नूतनीकरणाचे मेसेज त्यांच्या इथल्या नंबरावर येऊन पडलेले असतील, आणि तो फोन बहुधा कपाटात बंद असेल. तो आजच चार्जिंगला लावा.